दादा म्हणाला, आण्णांना चिप घाल

मागच्या महिन्यात आण्णा दुसऱ्यांदा घरातून निघून गेले. सकाळी साडेसहाची वेळ. आई देवपूजेला बसली होती. कडी वाजली तेव्हा तिला वाटलं दूधवाला आला असेल. गुडघ्यांमुळे तिला पटकन उठता येत नाही, आणि उठून दाराशी येईपर्यंत आण्णा गल्लीच्या टोकाला वळले होते.

सापडले ते पाटणला. कराड-चिपळूण गाडीत चढले होते. मल्हारपेठपर्यंत खिडकीशी शांत बसले, मग उठले आणि वरच्या दांड्याला धरत पुढून मागं माणसं मोजत निघाले. ‘दारात उभं राहू नका, मागं जागा आहे, मागं सरका.’ बत्तीस वर्षं कंडक्टर होते आण्णा, त्यातली निम्मी याच रस्त्यावर, कुंभार्ली घाटातून खाली-वर करण्यात गेली. गाडीतला कंडक्टर अगदी पोरसवदा, पण चालत्या गाडीत न धडपडता मोजणी करणारा म्हातारा बघून त्यानं ओळखलं की हा माणूस खात्यातला आहे. त्यानं त्यांना स्वतःच्या सीटवर बसवलं आणि पाटणला कंट्रोलरच्या हवाली केलं. कंट्रोलरनं नाव विचारलं. आण्णांना ते सांगता आलं नाही. त्यांनी बिल्ला नंबर सांगितला.

कराड आगारात फोन गेला. तिथं निवृत्तीला आलेल्या एका मेकॅनिकनं तो नंबर ऐकला आणि माणूस ओळखला. पावणेदहाला आमच्या घरी फोन वाजला.

दादा पुण्याहून निघून खेड शिवापूरच्या टोलनाक्यापर्यंत आला होता. रात्री आण्णा झोपल्यावर तो म्हणाला, ‘दोन वर्षांपूर्वी तू ब्रुनोला चिप घातलीस ना, दोन मिनिटांत? आण्णांना घाल. निदान कुठं आहेत ते तरी कळेल.’

मला त्याचा राग आला नाही. त्या सकाळी स्टिअरिंगवर हात घट्ट धरून त्यानं काय काय डोळ्यांसमोर आणलं असेल ते मला माहीत आहे, कारण मीही तेच आणत होते. कोयना, रेल्वे, हायवे. पण त्या प्रश्नानं मला झोप लागली नाही. मी जनावरांची डॉक्टर आहे. अकरा वर्षं कुत्र्या-मांजरांना चिप घालते आहे आणि त्याआधी सहा वर्षं दूध संघाच्या नोकरीत गाई-म्हशींच्या कानांत बिल्ले मारले आहेत. अंगात नंबर घालणं म्हणजे काय, हे माझ्या हातांना चांगलं माहीत आहे.

आधी वस्तू काय आहे ते सांगते, कारण दादासारखा शिकलेला माणूससुद्धा तिथंच चुकतो. चिप म्हणजे साधारण १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड काचेची बंद कुपी. लांब तांदळाच्या दाण्याएवढी. आत बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि एक नंबर, १५ आकडी. सेल नाही, सिम नाही, जीपीएस नाही. मी रीडर कातडीजवळ नेते तेव्हा रीडरच्याच लहरींवर ती क्षणभर जागी होते, नंबर सांगते आणि परत निजते. रीडर वीतभर लांब नेला की मुकी. ब्रुनो कराडात हरवला तर त्याची चिप मला काहीही सांगणार नाही. कुणाला तरी तो सापडला पाहिजे, त्यानं त्याला धरून माझ्यासारखीकडं आणलं पाहिजे, तिच्याकडं रीडर पाहिजे, आणि त्या नंबरापुढं दादाचा चालू फोन नंबर नोंदलेला पाहिजे.

घालायची पद्धत अशी. दोन्ही खांद्यांच्या मध्ये कातडी सैल असते, ती चिमटीत उचलायची. सुई १२ गेजची, काडेपेटीची काडी आत जाईल इतकी रुंद. ब्रुनोनं त्या वेळी कान मागं घेतले, अंग एकदा थरथरवलं आणि मग वळून माझाच हात चाटला. जनावर असंच असतं. आपण त्याला विचारलेलं नसतं आणि ते आपल्याला माफ करून मोकळं होतं.

लोकांच्या मनात मात्र चिप म्हणजे वरून बघणारा डोळा. नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारांच्या नव्या नोटेत चिप आहे आणि ती जमिनीखालून उपग्रहाला सापडते, असं टीव्हीवर सांगितलं गेलं होतं. आमच्याकडं येणाऱ्या एका पैलवानानं ती नोट माझ्या टेबलावर ठेवून तिच्यावर रीडर फिरवायला लावला होता. कोविडच्या वेळी तोच प्रश्न लसीबद्दल आला. उंब्रजकडच्या एक आजी शेळी घेऊन आल्या होत्या, लस घ्यायला तयार नव्हत्या. मी लसीची केसासारखी सुई आणि चिपची सुई त्यांच्यापुढं शेजारी शेजारी ठेवल्या. आजींनी चिपची सुई बोटांत फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, ‘ही घुसली तर मला कळल्याशिवाय राहील व्हय?’ पुढच्या आठवड्यात लस घेऊन आल्या.

त्या भीतीला मी कधी हसले नाही. अफवा खोटी होती, पण ‘मला न विचारता माझ्या अंगात कुणी काही घालील’ ही भीती गरिबाला उगाच वाटत नाही.

दादाची कल्पना नवी नाही, हे मला त्या रात्री मोबाइलवर वाचताना कळलं. अमेरिकेत व्हेरीचिप नावाची माणसांसाठीची चिप होती. २००४ साली तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनानं तिला परवानगी दिली. उजव्या दंडात घालायची, नंबर १६ आकडी. बेशुद्ध माणूस दवाखान्यात आला की रीडर फिरवायचा आणि नंबरावरून त्याची माहिती काढायची. २००७ साली फ्लोरिडात वेस्ट पाम बीचला विस्मरणाच्या २०० रुग्णांना ती घालायची योजना जाहीर झाली. म्हणजे आण्णांसारख्यांनाच. त्याच वर्षी बातमी आली की प्रयोगशाळेतल्या काही उंदरांना अशा चिपभोवती गाठी झाल्या होत्या. कुत्र्यांत असं फार क्वचित नोंदलेलं आहे, माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही कुत्र्याला झालेलं नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पण २०१० पर्यंत व्हेरीचिपची विक्री बंद झाली. ज्यांच्या दंडात ती गेली होती त्यांच्या दंडातून ती आपोआप बाहेर आली नाही.

या गोष्टीपाशी मी बराच वेळ थांबले. कंपनी बंद होते, अंग चालू राहतं. २०२५ च्या सुरुवातीला टेक्सासमधली कुत्र्या-मांजरांच्या चिपची नोंद ठेवणारी एक कंपनी अशीच अचानक बंद पडली. जनावरांच्या मानेत नंबर तसाच, पण त्या नंबरामागचं नाव-गाव गेलं. माणसांच्या बाबतीत याहून वाईट झालं. आंधळ्या माणसांच्या डोळ्यात बसवायचं आर्गस टू नावाचं एक यंत्र होतं. चष्म्यावर कॅमेरा आणि डोळ्याच्या पडद्यावर ६० बारीक टोकं. त्यातून उजेड-अंधाराच्या आकृत्या दिसायच्या. जगभरात ३५० हून जास्त लोकांनी ते बसवून घेतलं. २०१९ मध्ये कंपनीनं ते बनवणं थांबवलं, २०२० मध्ये बुडायच्या बेताला आली. ज्यांचं यंत्र बिघडलं त्यांना दुरुस्त करून द्यायला कुणी उरलं नाही. दिसू लागलेली दाराची चौकट पुन्हा नाहीशी झाली आणि डोळ्यात धातू तेवढा राहिला. माझ्या रीडरचं चार्जर मिळेनासं झालं तर मी दुसरा रीडर घेते. त्या माणसांनी काय घ्यायचं?

आता बिल्ल्याचं सांगते. गाई-म्हशींच्या कानातला पिवळा टॅग तुम्ही पाहिला असेल, १२ आकडी नंबराचा. गावात त्याला बिल्लाच म्हणतात. पक्कडीसारखं हत्यार असतं, कानाच्या दोन शिरांमधली जागा बघून एकदाच दाबायचं. लाळ्या-खुरकूताची लस, रेतन, दूध, विमा, सगळं त्या नंबरावर चढतं. त्याचा फायदा मी स्वतः पाहिलेला आहे. कोणत्या गावात लस राहिली हे पूर्वी अंदाजानं सांगायचे, आता सांगता येतं.

पण विम्याचा नियम असा, की बिल्ला नाही तर क्लेम नाही. संघात असताना उंब्रजच्या पुढं एका वस्तीवर मला बोलावलं होतं. एचएफ जातीची गाय, तिसरं वेत, रात्रीत फुगून मेलेली. घरात बाई एकटी, नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला, गाईवर बँकेचं कर्ज. मी शवविच्छेदन केलं, कारण लिहिलं. मग कान बघितला. डावा कान मधोमध चिरलेला, कडा सुकलेल्या. पंधरा दिवसांपूर्वी काटेरी तारेत अडकून बिल्ला तुटला होता आणि तारेपाशी शोधूनही सापडला नव्हता. कपाळावर पांढरी चंद्रकोर असलेली ती गाय सगळ्या वस्तीला माहीत होती. विमा उतरवताना काढलेल्या फोटोतही चंद्रकोर होती. अहवालात मी हे सगळं लिहिलं, चिरलेल्या कानाचा फोटो जोडला. क्लेम नामंजूर झाला. कार्यालयातला माणूस वाईट नव्हता, तो मला म्हणाला, ‘मॅडम, माझ्या स्क्रीनवर ही गाय जिवंत आहे.’

ती बाई माझ्या पुढ्यात मेलेल्या गाईचा कान हातात धरून बसली होती. चिरलेल्या जागी बोट घालून सारखी म्हणत होती, ‘हितंच हुता, डॉक्टरीणबाई, हितंच हुता.’

म्हणून दादाला मी म्हणाले, अरे, नंबर अंगात गेला की आधी नंबराला विचारतात, मग माणसाला. रेशनच्या दुकानात अंगठा उमटला नाही की म्हातारीला परत पाठवतात, ती समोर उभी असते तरी. आणि बघ, देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं तेही आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबारच्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० ला. कार्ड घरी ठेवता येतं. दंडातलं काय करशील?

दादा म्हणाला, ‘तू फार लांबचं बोलतेस. जबरदस्ती कोण करतंय? ज्याला हवी तो घेईल.’

इथं मात्र माझा आवाज चढला.

‘ज्याला हवी तो घेईल’ हे मी दर हंगामात बघते. साखर कारखाने पेटले की बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात, फडाजवळ पालं पडतात. त्यांच्या बैलांचे खांदे सुजलेले असतात, ते बघायला मी जाते. बैलाच्या कानात बिल्ला असतो, आणि बैलाशेजारी पंचविशीतली बाई मोळी बांधत असते, जिची गर्भपिशवी काढलेली असते. २०१९ साली हे सगळ्यांसमोर आलं. बीड जिल्ह्यात पाहणी झालेल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची ती काढलेली होती. कुणी बंदूक लावली नव्हती. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, अंगावर, एका दिवसाचा खाडा झाला तर दंड, पाळीच्या दिवसांत फडात आडोसा नाही, आणि दवाखान्यात कॅन्सरची भीती घातलेली. कागदावर अंगठा त्यांचाच होता. स्वखुशीचा.

उद्या एखाद्या मुकादमानं सांगितलं की दंडात चिप असेल त्या कोयत्याला, म्हणजे तोडणी करणाऱ्या जोडप्याला, उचल जास्त, तर किती जण नाही म्हणतील? नागपूर महापालिकेनं सफाई कामगारांच्या मनगटांना जीपीएसचं घड्याळ बांधलंच होतं. घड्याळ निदान घरी गेल्यावर काढता येतं. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यानं २००६ मध्येच कायदा केला, कुणावरही चिपची सक्ती करायची नाही, केली तर दिवसाला १० हजार डॉलरपर्यंत दंड. आणि त्याच विस्कॉन्सिनमध्ये १ ऑगस्ट २०१७ ला खाऊच्या यंत्रांच्या एका कंपनीतल्या पन्नासेक कामगारांनी अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये चिप घालून घेतली. दार उघडायला, बिस्किटाचा पुडा घ्यायला. राजीखुशीनं. शेजारच्या खुर्चीवरचे सगळे हात पुढं करत असताना ज्यांनी हात खिशात ठेवला, त्यांना काय वाटलं असेल याचा मी विचार करते.

आज चिप मुकी आहे म्हणून मी निर्धास्त नाही. सेल बारीक होत चाललेत, जानेवारी २०२४ मध्ये तर माणसाच्या मेंदूत न्यूरालिंक नावाच्या अमेरिकी कंपनीचं यंत्रही बसलं. मानेखाली अंग हलत नसलेल्या माणसाला त्यातून नुसत्या विचारानं संगणक चालवता येतो. ते वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्या माणसानं स्वतः ठरवून ते घेतलं. दादाला हवी आहे ती जागा सांगणारी चिपही दहा-वीस वर्षांत येईल. तेव्हा ‘तंत्रज्ञान नाही’ ही माझी सबब चालणार नाही. म्हणून मला उत्तर आत्ताच हवं होतं, आणि ते आण्णांकडून हवं होतं.

आण्णा सकाळच्या चहानंतर तासभर लख्ख असतात. रविवारी मी दवाखान्यातलं एक चिपचं पाकीट घेऊन गेले. दादा समोर बसला. मी पाकीट आण्णांच्या हातात दिलं आणि जे असेल ते सरळ सांगितलं. तुम्ही वाट चुकता, आम्हाला भीती वाटते, यात नंबर आहे, दंडात घालतात.

आण्णांनी पाकीट उजेडाकडं धरलं. चष्मा वर केला. पाकिटावरच्या चिकटपट्टीचे आकडे एक एक करून वाचले, पूर्वी ट्रेमधल्या तिकिटांचे नंबर वे-बिलावर उतरवताना वाचायचे तसे, ओठ हलवत. मग म्हणाले,

‘हा काढायचा कसा?’

‘काढायचा नसतो, आण्णा. आतच राहतो.’

‘ड्युटी संपल्यावर?’

मी काही बोलले नाही. दादानं खाली बघितलं. आण्णांनी पाकीट माझ्या हातात परत दिलं आणि आईला हाक मारून विचारलं, गाडीला किती वेळ आहे.

त्यांचा पितळी बिल्ला देव्हाऱ्याजवळच्या खुंटीला अजून आहे. लहानपणी आम्ही दोघं तो लावून डबल बेल द्यायचो. रात्री साडेनऊला आण्णा यायचे, आधी बिल्ला खुंटीला, मग खाकी शर्ट, मग हातपाय धुऊन आम्हाला जवळ घ्यायचे. बिल्ला लावलेले आण्णा आम्हाला मांडीवर घेत नसत.

चिप घालायची नाही हे ठरलं, पण त्यानं काळजी सुटली नाही. दादानं दाराला वर उंच कडी लावायचं सुचवलं, हात पोचणार नाही अशी. एक दिवस लावून पाहिली. आण्णा दुपारभर दारापाशी उभे राहिले, कडीकडं बघत, घामेजले, आणि शेवटी तिथंच लघवी झाली. आईनं स्टुलावर चढून, त्या गुडघ्यांनी, कडी काढली. चिपला नाही म्हणून मी मोठं काही केलं असं मला वाटत नाही, कारण बंद दारानं मी त्यांना त्याहून वाईट वागवलं होतं.

मग शिंप्याकडून सगळ्या शर्टांच्या आत, कॉलरखाली, कापडी पट्टी शिवून घेतली. नाव नाही, आजाराचा उल्लेख नाही, फक्त माझा आणि दादाचा फोन. दादानं सिमकार्डाचं घड्याळ आणलं, जागा दाखवणारं. आण्णा ते कधी घालतात, कधी नाही. संध्याकाळी मात्र न चुकता काढून खुंटीला अडकवतात, बिल्ल्याच्या वर. सगळ्यात जास्त वेळ दिला तो स्टँडवर. कंट्रोलरच्या केबिनमध्ये, कँटीनमध्ये, रसवंतीवर, पेपरवाल्याकडं, रिक्षा थांब्यावर, एकेकापाशी उभं राहून आण्णांचा फोटो दाखवला. निम्म्यांना दाखवावा लागलाच नाही.

गुरुवारी अकराच्या सुमाराला मी एका म्हशीच्या अडलेल्या वेतावर होते, दोन्ही हात कोपरापर्यंत गुंतलेले. म्हशीच्या मालकानं फोन माझ्या कानाला लावला.

‘ताई, आण्णा आलेत. चिपळूण गाडीच्या फलाटावर बसलेत. चहा दिलाय. तुमचं काम उरकून या निवांत.’

रेडी निघाली, जिवंत. हात धुऊन पाऊण तासानं स्टँडवर पोचले. मनगटावर घड्याळ नव्हतं. चिपळूण गाडी लागलेली होती आणि आण्णा दाराशी उभे राहून चढणारी माणसं मोजत होते. कंडक्टर शेजारी थांबून त्यांची मोजणी संपायची वाट बघत होता.

‘बेचाळीस,’ आण्णा त्याला म्हणाले. ‘एक लहान मूल. हाफ.’

त्यानं मान डोलवली आणि आत जाऊन बेल दिली. गाडी फलाट सोडून फाटकाबाहेर वळेपर्यंत आम्ही दोघं तिथंच उभे होतो.